रिकामा फाया

२८ ऑगस्ट

आज पाटी लागली. 'उदय सर की ऑरगॅनिक क्लास'. तेलीबांधा, तलावाकडून आत आलं की दुसरी गल्ली, मिठाईवाल्याच्या वर. ममता म्हणाली, "एवढ्या मोठ्या कोचिंगमधली नोकरी सोडून या वयात हे काहून सुचलं तुमाले?" मी म्हटलं, "तिथं पोट्टे नावं पाठ करतात. मले त्यायले शिकवायचं आहे." ती म्हणे, "बरं." ममता 'बरं' म्हणते तेव्हा तिला बिलकुल बरं वाटलेलं नसतं. पण तिला सकाळी नव्या रायपूरची मंत्रालयाची बस पकडायची असते, म्हणून आमचं भांडण नेहमी अर्ध्यावर राहतं.

माझी पद्धत साधी आहे. बारावीची पोरं ऑक्सिजनवाल्या गटांपाशी येऊन अडकतात. अल्कोहोल, ईथर, अल्डिहाइड, कीटोन, आम्ल, एस्टर. सगळ्यांत तोच ऑक्सिजन, फक्त बसायची जागा वेगळी, आणि जागा बदलली की नाव बदललं. पोरं रट्टा मारतात आणि पेपरात इथेनॉलचं इथेनल करून येतात. म्हणून मी वासाची पेटी केली आहे. काजूकतलीचा रिकामा डबा, त्यात छोट्या बाटल्या. सिरका म्हणजे आम्ल. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोल. केकमध्ये घालतात तो केळ्याचा इसेन्स म्हणजे एस्टर. कडू बदामाचा इसेन्स म्हणजे अल्डिहाइड. ईथर ठेवत नाही, आग लगेच धरते. कापसाचा फाया बुडवायचा, पोराच्या नाकाखाली धरायचा. पहिले हुंग, मग गट सांग, मग फळ्यावर साखळी काढून पूर्ण नाव ठेव. नाकातून गेलेलं डोक्यातून जात नाही.

कीटोनसाठी देवयानीच्या टेबलावरून नेलपेंट काढायची बाटली उचलली. ती मागेच धावली, "पापा, मेरा रिमूव्हर!" मी म्हटलं, मराठीत माग, मग देतो. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "माझा रिमूव्हर द्या ना यार." बापाला यार! हसता हसता बाटली मी खिशात टाकली. पोरगी यंदा बारावीला आहे आणि माझ्याच क्लासला बसणार. पहिली बॅच आहे, घरचीच पोरगी वर आली पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील?

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी केक आणला. मी त्यातला एस्टर ओळखायला लावला तेव्हाच कापू दिला.

आज कीटोन शिकवला. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधानं चिकटला आणि तो साखळीच्या टोकाला असला तर अल्डिहाइड, नावाच्या शेवटी 'अल'. साखळीच्या मधात असला, दोन्हीकडून कार्बन, तर कीटोन, शेवटी 'ओन'. मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणे, सर, फर्क क्या पड़ता है? मी म्हटलं, स्कूटरवर बापाच्या पुढं उभं राहिलेलं पोर पाहिलं का? वारा त्याला लागतो, माती त्याला लागते, ते लवकर बिघडतं. तो अल्डिहाइड. आणि आईबापाच्या मधात बसलेलं पोर? दोन्हीकडून सांभाळलेलं. त्याला सहजासहजी काही होत नाही. तो कीटोन. सगळे हसले. देवयानी मान खाली घालून हसत होती, कारण लहानपणी ती मधातच बसायची आणि माझ्या पाठीवर झोपून शर्ट लाळेनं ओला करायची.

अभनपूरहून बसनं येणारी लता नावाची एक पोट्टी आहे. बोलते कमी, विचारलं तर 'हव सर' नाहीतर 'नहीं सर'. पण नाक काय आहे! सगळ्या बाटल्या ओळखल्या, वर सांगितलं की सॅनिटायझरमध्ये कसला तरी फुलाचा वास मिसळलाय. बाटली वाचली तर खरंच चमेली. देवयानीशी तिची गट्टी जमली आहे, तिला दीदी म्हणते.

१७ सप्टेंबर

आज पोरीवर सगळ्यांसमोर ओरडलो. घरी येऊन वाईट वाटून राहिलं, पण नियम तो नियम. नावांची टेस्ट सुरू असली की कोणी उठायचं नाही. देवयानी एकदा बाथरूमला जाऊन आली. आली ती पाण्याची बाटली तोंडाला लावून रिकामी केली, आणि पुन्हा हात वर. मी म्हटलं, "बस. इथं मी तुझा बाप नाही." लता तिच्याकडं पाहत होती. देवयानी पायावर पाय घट्ट आवळून बसली आणि सगळं चुकवलं. ब्युटेनोनचं ब्युटेनॉल, आम्लाचं एस्टर. घरच्या पोरीला सूट दिली तर उद्या सगळे उठून गल्लीत फिरतील.

ममताला सांगितलं तर ती म्हणे, "पोट्टी दिवसभर पाणी ढोसून राहिली. रात्रीपण उठउठून जाते. तुमाले घोरण्यातून कुठं ऐकू येते?" मी म्हटलं, उकाडा आहे. आणि मोबाईलवर त्या बाया सांगत राहतात ना, पाणी प्या म्हणजे चेहरा चमकते.

२७ सप्टेंबर

गरब्याचा घागरा काढून पाहिला तर कंबरेत सैल. ममतानं टाका मारून आत घेतला. देवयानी आरशासमोर गोल गोल फिरून राहिली होती. "मम्मी, लोग डाइटिंग कर-करके मरते हैं, मुझे फ्री में मिल रहा है." मी हसलो. ममता हसली नाही. पोरगी आत गेल्यावर म्हणाली, "गळ्याची हाडं दिसून राहिली तिची. डॉक्टरले दाखवू."

मी म्हटलं, दाखवू ना, कोण नाही म्हणते? पण सोळा तारखेला मोठी टेस्ट आहे, तिचे निकाल घेऊन पालकांना बोलावणार आहे, पहिल्या बॅचचा सगळा खेळ त्यावर आहे. ते होऊ दे. बारावीचं वर्ष आहे, ताण असतो, पोरं वाळतात. मीपण बारावीत काडी झालो होतो. ममता म्हणे, "बरं."

देवयानीला पुढच्या बाकावर आणलं. फळ्यावरचं धूसर दिसतं म्हणते. चष्मा लागणार. दिवसभर मोबाईलमध्ये डोळे घातले तर दुसरं काय होईल?

७ ऑक्टोबर

आज एक मजा झाली. नवरात्राचे उपास सुरू आहेत, ममता आणि देवयानी दोघी धरतात. दुपारी देवयानी माझ्याजवळ बसून नावं लिहून राहिली होती. मला कीटोनचा वास आला. स्वच्छ प्रोपेनोन, रिमूव्हरमधलं. पेटी तर क्लासमध्ये. मी तिचे हात हुंगले, नखं हुंगली, काही नाही. मग म्हटलं, फूंक मार. तिच्या श्वासाला होता!

मी इतका खूश झालो की ममताला स्वयंपाकघरातून बोलावलं. समजावून सांगितलं की उपासात शरीराला साखर पुरत नाही, मग ते चरबी जाळतं, त्यातून कीटोन बनतात, आणि प्रोपेनोन श्वासातून बाहेर येतं. आपली पोरगी म्हणजे चालती बोलती वासाची पेटी झाली. ममतानं तिचं तोंड हुंगलं. मग माझ्यासमोर स्वतः फूंक मारली. म्हणे, "मीपण उपाशीच आहे. मले काहून नाही येत?"

मी म्हटलं, "तू गंजभर साबुदाणा खाऊन राहिली, तुले कुठून येईल?" ती रागावून आत गेली. देवयानी हसली, पण लगेच टेबलावर डोकं ठेवून झोपली. खरं तर तीपण साबुदाणा खाते, केळी खाते, दूध पिते, आईपेक्षा जास्तच. पण वाढत्या वयाची भूक वेगळी असते.

१२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटायला देवयानी शेजारी दोन घरं फिरली आणि परत येऊन सोफ्यावर पडली. यंदा गरब्याला गेलीच नाही. आत घेतलेला घागरा तसाच खुंटीला. म्हणे, पैर दुखते हैं. ममतानं पुरण घातलं होतं. पोरीनं दोन घास खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यायली.

उपास सुटले तरी घरात तो वास आहेच. मग माझ्या डोक्यात आलं की वास माझ्या कपड्यांतून येत असणार. मी दिवसभर बाटल्यांत हात घालतो. क्लासमध्ये जाऊन रिमूव्हरच्या झाकणाला टेप गुंडाळून आलो. माझ्या नाकाचा आता भरवसा नाही. अत्तरवाल्याला अत्तराचा वास येत नाही म्हणतात, तसं झालं आहे.

१६ ऑक्टोबर

टेस्ट झाली. पोरांनी नाव काढलं. फक्त लतानं निराश केलं, आणि तेही वासाच्या फेरीत.

वासाच्या फेरीत मी एक रिकामा फाया ठेवतो. कोरडा कापूस, कशातच न बुडवलेला. जे पोर अंदाजे ठोकतं ते तिथं पकडलं जातं. बरोबर उत्तर 'कुछ नहीं'. ही माझी जुनी युक्ती आहे. डोळ्यांवर ओढणी बांधायची, देवयानी एकेक फाया नाकाखाली धरणार, मी लांब बसून गुण लिहिणार. लतानं सगळे ओळखले. मग देवयानीनं वाकून रिकामा फाया धरला. लता म्हणाली, "कीटोन."

मी म्हटलं, "फिर से सूँघो." ती म्हणाली, "कीटोन सर. प्रोपेनोन." मी म्हटलं, ओळखणाऱ्यांना हाच रोग होतो, नाक चालतं म्हणून डोकं चालवायचं नाही. देवयानी म्हणाली, "पापा, मेरे हाथ में लगा होगा." मी तिला साबणानं हात धुवायला पाठवलं, नवा कापूस काढून दिला. तिनं पुन्हा वाकून धरला. लता पुन्हा, "कीटोन." आवाज रडवेला, पण हटायला तयार नाही. "दीदी, सच में आ रही है." पोरं हसायला लागली. देवयानी म्हणाली, "अरे कुछ नहीं है, पागल, सादा कपास है." मी लाल पेननं शून्य घातलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की जे नाही ते ओळखणं ही सगळ्यात मोठी चूक आहे.

आज कोजागिरी. गच्चीवर दूध आटवलं. देवयानीला गोड दूध आवडतं, तिला मोठा ग्लास दिला. अशक्त झाली आहे पोरगी. आता टेस्ट झाली, या शनिवारी डॉक्टरकडं नेतो असं ममताला वचन दिलं.

१८ ऑक्टोबर

कालपासून उलट्या. कोजागिरीचं दूध बाधलं. पोट दुखतं म्हणते. ममताच्या ऑफिसात तपासणी लागली आहे, तिला सुट्टी नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "आजच न्या तिले. शनिवार-बिनिवार नका पाहू." मी हो म्हटलं. पण संध्याकाळी पालक येणार, निकालांचा कागद चिकटवायचा, खुर्च्या मांडायच्या. मेडिकलमधून उलटीची गोळी आणली, आणि पोरीच्या अंगात ताकद यावी म्हणून ग्लुकोजचं पाणी करून दिलं. घटाघट प्यायली. संत्र्याच्या चवीचं आहे, तिला आवडलं. दोन ग्लास आणखी दिले.

झोपली आहे. श्वास मोठे मोठे घेऊन राहिली, धावून आल्यासारखे. ओठ सुकले. मी कपाळाला हात लावला, ताप नाही. ताप नाही म्हणजे काळजीचं नाही. खोलीत तोच वास भरला आहे. सगळे कपडे धुवायला टाकले पाहिजेत.

रात्री परत आलो. पालकांची सभा मस्त झाली. उद्या सकाळी पहिलं काम, तिला घेऊन डॉक्टरकडं.

१९ ऑक्टोबर

उठून नाही राहिली. हाक मारली तर डोळे उघडते आणि मिटते. ममता रिक्षा आणायला गेली आहे. निघतो.

४ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. पण बोलणार कोणाशी?

देवयानी वीस तारखेला गेली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. बोटाला सुई टोचून मशीनमध्ये पाहिलं तर मशीननं आकडाच दाखवला नाही, साखर त्याच्या पलीकडं होती. ती भराभर विचारत होती आणि ममता उत्तरं देत होती. बहुत प्यास लगती थी? हो. बार-बार पेशाब? हो. वजन घटा? हो. नज़र धुँधली? हो. मी एकेक 'हो' ऐकत होतो, आणि प्रत्येकाची मी दिलेली कारणं मला आठवत होती. उकाडा. मोबाईल. बारावी. मग ती म्हणाली, "मुँह से कोई महक? मीठी-सी, नेलपेंट रिमूव्हर जैसी?"

ममतानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "प्रोपेनोन." डॉक्टरीण म्हणाली, "जी?" मी म्हटलं, "ॲसिटोन. हाँ, आ रही थी." "कब से?" "नवरात्रि से." तिनं पडदा ओढून घेतला.

नंतर तिनं बसवून समजावलं. अंगात इन्सुलिन बनणं बंद झालं होतं. साखर रक्तात भरून वाहत होती आणि शरीराला एक कणही वापरता येत नव्हता. भरल्या घरात पोरगी उपाशी होती. म्हणून शरीर चरबी जाळत होतं, कीटोन बनत होते, रक्त आम्ल झालं होतं. तिनं आम्ल म्हटलं तेव्हा मी मान हलवली, जसं काही वर्गात बसलोय. मला सगळं समजत होतं. कुठला गट कुठं, कशाचं काय होतं, हे सगळं मीच शिकवतो. फक्त उपास हे कारण मी आपल्या मनानं लावलं आणि इतकं पक्कं लावलं की उपास सुटल्यावरही ते काढलं नाही. ज्याला नाव माहीत नसतं तो माणूस घाबरून डॉक्टरकडं जातो. मी नाव ठेवून मोकळा झालो.

मी ग्लुकोजचं पाणी दिल्याचं सांगितलं. ती म्हणाली, आपको पता नहीं था. पण मला सगळं पता होतं.

मेंदूला सूज आली. त्याआधी थोडा वेळ देवयानी शुद्धीवर होती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, पाणी द्या ना." आयुष्यभर पापा म्हणणारी पोरगी. डॉक्टरांनी तोंडानं पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नळीतून सुरू होतं. मी कापूस ओला करून तिच्या ओठांवर फिरवला. तिनं कापूस चोखला.

ममता मला काही बोलली नाही. घरी आणलं तेव्हा नाही, तेराव्यापर्यंत नाही. आलेल्यांना पाणी देत राहिली. परवा, सगळे गेल्यावर, भांडी लावता लावता माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "मले समजत नव्हतं म्हणून मी इचारलं होतं. तुमाले त त्याचं नाव माहीत होतं ना?"

दिवाळी कधी येऊन गेली कळलं नाही. शेजाऱ्यांनी आमच्या घरासाठी फटाके हळू वाजवले.

९ नोव्हेंबर

दुपारी बँकेतून आलो, दार उघडलं, आणि घरात तो वास. मी देवयानीच्या खोलीकडं पळालो, चप्पल न काढता. काय वाटलं मला? काय वाटलं ते लिहायचीही लाज वाटते. एका क्षणासाठी मला वाटलं की ती आत झोपली आहे.

ममता तिच्या पलंगावर बसली होती. हातात रिमूव्हरची बाटली, माझा टेप उचकटलेला, झाकण उघडं. क्लासवर जाऊन पेटीतून घेऊन आली होती. मला पाहून तिनं बाटली लपवली नाही. म्हणाली, "उशीले नाही येत आता तिचा वास. कपड्याईले पण नाही. याले येते."

मी तिच्या बाजूला बसलो. रडलो, दोघंही रडलो, मोठमोठ्यानं. मी म्हटलं, "ममता, मी मारलं तिले." वाटलं, ती नाही म्हणेल. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. तिनं बाटली माझ्याकडं दिली, मी हुंगली, आणि तिला परत दिली. आमच्या मधात एका माणसाची जागा मोकळी होती. कोणीच सरकलं नाही.

१८ नोव्हेंबर

क्लास बंद करणार होतो. ममताच म्हणाली, पोट्ट्यांचं वर्ष आहे, त्यांचा काय दोष. 'बरं' नाही म्हणाली, जा म्हणाली. गेलो.

पुढच्या बाकावर डाव्या बाजूची जागा पोरांनी रिकामी सोडली होती. मी वासाची पेटी काढली नाही. फळ्याकडं तोंड करून आम्लांची नावं लिहीत राहिलो, मिथेनोइक, इथेनोइक, प्रोपेनोइक. मग वळून त्यांना सांगितलं की एक गोष्ट पेपरात येणार नाही, पण लिहून घ्या. घरात कोणाला खूप तहान लागली, सारखं बाथरूमला जावं लागलं, माणूस विनाकारण वाळायला लागला, तर त्याच दिवशी साखर तपासा. कारण शोधत बसू नका. त्याच दिवशी. पोरांनी लिहून घेतलं. वासाचं मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, तोंडाशी आलं होतं. पण लता समोर बसली होती.

क्लास सुटल्यावर ती मागे थांबली. अभनपूरची बस निघून जाईल म्हणून सारखी बाहेर पाहत होती, तरी थांबली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सर, उस दिन टेस्ट में मैंने दीदी से बहस की थी. सबके सामने. वो हाथ धोकर आईं, फिर भी मैं नहीं मानी. उसके बाद दीदी से बात ही नहीं हुई." मी म्हटलं, कोई बात नहीं. ती जायला निघाली आणि दारात वळून म्हणाली, "मेरा जवाब गलत ही था ना, सर?"

वीस वर्षं शिकवून राहिलो. पोराचं बरोबर उत्तर मी कधी चूक म्हटलं नाही. एका गुणासाठी भांडत आलेल्या पोरांना बसवून पुन्हा पेपर तपासून दिला आहे. आणि ही काही गुण मागायला आली नव्हती. बरोबर होतं म्हणालो असतो तर ती बसमध्ये बसून विचार करत गेली असती, आज ना उद्या तिला कळलं असतं की सगळ्या वर्गात तिला एकटीला ते कळलं होतं, आणि सरांनी तिला गप्प केलं. सोळा तारखेला मी तिचं ऐकलं असतं, फाया सोडून फाया धरणाऱ्या पोरीकडं पाहिलं असतं, तर मधात दोन दिवस होते.

मी म्हटलं, "हव बेटा. गलत था. कपास सूखा था."

तिचा चेहरा एकदम हलका झाला. "थैंक यू सर," म्हणाली आणि बसकडं पळाली. मी खिडकीतून ती रस्ता ओलांडेपर्यंत पाहत राहिलो.

मग ड्रॉवरमधून तिचा पेपर काढला. लाल पेन हातात घेतला आणि ठेवून दिला. तिथं खोडून चालणार नाही, कधीतरी तिच्या हाती पडेल. म्हणून फक्त इथं लिहून ठेवतो, जिथं कोणी वाचत नाही.

लताचं उत्तर बरोबर होतं. दोन्ही वेळा.